बैठक्याची तिपाई

माणूस गेलेल्या घरात कसं बसायचं, याचं रीतसर शिक्षण घेतलेला तो कंपनीतला शेवटचा माणूस. बाकी जगात ही गोष्ट कोणी कोणाला शिकवत नाही. कोणी गेलं की आपण जातो, भिंतीला टेकतो, नाक ओढतो, ‘कसं झालं हो’ म्हणतो आणि उठून येतो. त्याला मात्र त्याचा पगार होता.

कंपनी विम्याची. इतकी जुनी, की मागून आलेल्या सगळ्या विमा कंपन्यांना नावं होती आणि हिला लोक नुसतं ‘जुनी’ म्हणायचे. “विमा कुठला?” “जुनीचा.” बस्स, पुढं विचारायची सोय नाही. आणि जुनीत ह्याला म्हणायचे बैठक्या. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे. साहेब तोंडावर ‘काका’ म्हणायचे. पाठ फिरली की बैठक्याच.

काम असं. जुनीचा विमा असलेलं कोणी गेलं, की दोन-चार दिवसांत बैठक्यानं त्या घरी जायचं. काखेत घडीची लाकडी तिपाई, बसायला तागाचा पट्टा. घरातली खुर्ची घ्यायची नाही, चहा घ्यायचा नाही. कोपऱ्यात तिपाई उघडायची, बसायचं, घोटभर पाणी मागायचं आणि पाणी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेवढ्या वेळात घर बघून घ्यायचं. औषधाच्या बाटल्या कुठल्या फळीवर आहेत, त्यांच्यावर धूळ किती आहे. दाराआड काठी आहे का. खाटेची कड धरून धरून गुळगुळीत झालीय का. उशी एक आहे का एकावर एक दोन, कारण छातीचं दुखणं असलेला माणूस सपाट झोपत नाही. मग पेला खाली ठेवायचा आणि मायेनं विचारायचं, “खोकला कधीपासून होता?”

होता का, असं विचारायचं नाही. कधीपासून होता. रडणारं माणूस आडवळणानं बोलत नाही. ते म्हणतं, “अहो, मागच्या थंडीपासून नुसती ढास लागायची.” आणि विमा उतरवताना कागदावर तर ‘प्रकृती ठणठणीत’ लिहिलेलं असायचं. झालं. बैठक्या मान हलवायचा, तिपाई मिटायचा आणि ऑफिसात जाऊन सगळं लिहून द्यायचा.

हे त्याला शिकवलं त्याच्या आधीच्या बैठक्यानं. त्या म्हाताऱ्याचं थोबाडच असं, की समोरच्याला वाटावं ह्याच्याच घरचं कोणी गेलंय. तो म्हणायचा, “पोरा, काही कर, पण रडू नकोस. रडलास की दिसायचं बंद होतं.”

ही तिपाई मुळात हेरगिरीसाठी केलेली नव्हती. जुनी ज्यांनी काढली ते थोरले मालक लाकडाचे व्यापारी. त्यांच्या वखारीत ओंडक्यांची थप्पी घसरली आणि दोन हमाल खाली सापडून गेले. त्यांची पोरं वखारीच्या दारात येऊन उभी राहिली, ते मालकांच्याने बघवेना. त्यांनी कामगारांना, गाडीवाल्यांना, आसपासच्या दुकानदारांना गोळा केलं आणि सांगितलं, सगळ्यांनी थोडं थोडं टाकत जायचं, ज्याचं घर बसेल त्याला उचलून द्यायचं. वखारीच्या माडीवर एक टेबल मांडलं. ती जुनी. भुसा उडून शाई खराब व्हायची म्हणून दौतीवर बशी उपडी ठेवायचे म्हणतात.

कोणी गेलं की थोरले मालक स्वतः जायचे. पैसे खिशात घेऊनच. आणि गडी मोठा रडका. दोन रुमाल लागायचे. त्याच थप्पीतला एक ओंडका त्यांच्याही गुडघ्यावर आला होता, त्यामुळं खाली बसता यायचं नाही, आणि गरिबाच्या घरी खुर्ची कुठली? म्हणून वखारीतल्या सुतारानं ही तिपाई ठोकून दिली. गुडघा दुखायचा, एवढंच तिचं मूळ. पण गावात असं झालं, की गल्लीत तिपाई दिसली की लोक म्हणायचे, चला, ह्या घराची चूल आता विझत नाही.

मग एकदा ते असेच एका घरी बसून हुंदके देत होते, नि माळ्यावरून शिंक आली. चांगली दणदणीत. घरातल्या बाया रडायच्या थांबल्या. ज्याच्यासाठी रडणं चाललं होतं त्याचीच शिंक ती, हे सगळ्यांना कळलं. थोरले मालक क्षणभर वर बघत राहिले आणि म्हणाले, “माळ्यावर उंदीर फार झालेत तुमच्या.” पैसे ठेवले आणि आले निघून. आपल्याला फसवलं यापेक्षा त्या बायांची तोंडं कशी झाली, हेच ते घरी येऊन सांगत बसले.

दुसऱ्या दिवशी मुलानं तिजोरीच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. हे मधले मालक. ते म्हणाले, “बाबांनी रडायचं ते रडून घेतलं, आता जरा बघू या.” त्यांनी पगारी माणूस ठेवला, त्याच्या काखेत तीच तिपाई दिली. पैसे बरोबर जायचे बंद झाले. माणसानं आधी बघून यायचं, सांगायचं, मग ठरायचं. लोकांना काय कळतंय? तिपाई तीच, कोपरा तोच, घोटभर पाणी तेच. त्यांना वाटायचं, जुनी अजून रडायला येते.

ह्या बैठक्याला ते फार बोचायचं. सुरुवातीला नाही. सुरुवातीला अंगात नवा जोर होता, साहेब पाठीवर थाप मारायचे. मग एकदा एका बुरुडाच्या घरी तो बसून आला. टोपल्या विणणारा माणूस, अचानक गेला असं बायको सांगत होती. ह्याला दाराआड काठी दिसली, मुठीला झिजलेली. लिहून दिलं. जुनीनं हात वर केले. पुढं बऱ्याच दिवसांनी ती बाई बाजारात भेटली. हा तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीत शिरायला बघत होता, तर तिनंच हाक मारली. “भाऊ, तुम्हीच ना ते? जुनीनं काही दिलं नाही, मरू दे ते. पण तुम्ही तेवढे येऊन बसलात हो. आमचे सख्खे आले नाहीत.” आणि पाटीतली एक टोपली काढून त्याच्या हातात ठेवली. नको नको म्हणत होता, ती ऐकेना.

ती टोपली घरी आली. बायकोनं त्यात कांदे ठेवले. तेव्हापासून बैठक्यानं घरात कांदा हातानं घेतला नाही. बायकोला वाटायचं, डोळ्यांना झोंबतो.

बायको तशी बोलायला फटकळ. लग्नाकार्यात, बारशाला, कुठंही गेलं तरी हा कोपरा धरायचा आणि डोळे फिरवायचा. ती कोपरानं ढोसायची, “अहो, जेवायला बोलावलंय. इथं कोणी मेलेलं नाही.” माहेरी तर तिनं स्वच्छ सांगितलं होतं, “तुम्ही सोप्यात बसा. माझ्या आईच्या औषधाच्या फळीकडं बघितलंत तर बघा.”

आणि आता जुनीचा मोठा वाढदिवस आला होता. कंपनीचा इतिहास छापायचं ठरलं. त्यासाठी एक मुलगी नेमली. तिला सगळे पुस्तकवाली म्हणायचे. तिनं बैठक्याला समोर बसवलं, टेबलावर फोन ठेवला आणि विचारलं, “काका, इतकी वर्षं लोकांच्या दुःखात सहभागी होताना तुम्हाला काय वाटायचं?”

बैठक्या म्हणाला, “पाणी पिऊन पिऊन पोट फुगायचं.”

ती खळखळून हसली आणि लिहून घेतलं. त्याच्यावर तिनं एक सबंध प्रकरण केलं होतं. ‘दुःखात सोबत.’ त्याचा तिपाईवर बसलेला फोटो पानभर. समारंभात त्याला व्यासपीठावर, त्याच तिपाईवर बसवायचं होतं. तो कानकोंडा होऊन ‘बघू, बघू’ म्हणत राहिला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

अशात दाजी गेले.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पिठाच्या गिरणीवाले. गिरणी रस्त्याला, मागं दोन खोल्यांचं घर. दाजी सकाळी गिरणीत शिरायचे ते पापण्यांसकट पांढरे होऊनच बाहेर यायचे. म्हणायचे, “मला झटकल्याशिवाय तुझी ताईसुद्धा ओळखत नाही.” साऱ्या नात्यागोत्यात त्याला बैठक्या न म्हणणारा हा एकच माणूस. विम्यासाठी बैठक्यानंच त्यांच्या मागं लकडा लावला होता. दाजी टाळत होते, टाळत होते, शेवटी गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, “उतरवतो. पण मी गेलो की तिपाई घेऊन यायचं हां. कोणीतरी नीट बसलं पाहिजे माझ्यासाठी.” दोघंही पोट धरून हसले होते.

त्या दिवशी तो कामावरच होता. एका शिंप्याच्या घरी बसून, पाणी पिऊन रस्त्याला लागला तोच बायकोचा फोन. “अहो, ताबडतोब ताईंकडं जा. दाजी गेले. गिरणी चालू होती आणि पोत्यावर बसल्या बसल्या… मी येतेच.”

तो तसाच निघाला. वळणं पायांनीच घेतली, त्याला कळलंही नाही. गिरणी बंद होती. आत घरात माणसं दाटली होती. दाजींना आतल्या खोलीत ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ताई, तिच्या खांद्याला धरून भाची, भोवती शेजारच्या बाया. बैठक्या दारात क्षणभर थांबला. खोलीवर एक नजर टाकली. मग जिथून दार, खाट आणि फळी तिन्ही दिसतात त्या कोपऱ्यात गेला आणि काखेतली तिपाई उघडली. खट्.

त्या आवाजानं माणसं वळली.

तो बसला. “घोटभर पाणी,” म्हणाला. कोणीतरी पेला हातात दिला. तो पीत राहिला आणि डोळे आपलं काम करत राहिले. खाटेची कड गुळगुळीत. उशा दोन, एकावर एक. फळीवर तपकिरी बाटली, अर्धी. तो उठला, बाटली उचलली, उजेडाकडं धरून बघितली, पुन्हा तिपाईवर आला. पेला खाली ठेवला. आणि साऱ्या नोकरीत घासून घासून मऊ केलेल्या त्या आवाजात विचारलं,

“खोकला कधीपासून होता?”

पुढची गंमत म्हणजे, विचारलं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. खोली एकदम गप्प झाली तेव्हा त्यानं मान वर केली. ताई त्याच्याकडं बघत होती. लहानपणी त्याला कडेवर घेऊन जिनं अर्धं गाव पालथं घातलं ती ताई.

“कोणाला विचारतोयस?” ती म्हणाली.

ह्याच्या हातात अजून बाटली.

“बारक्या, तू घरून आलायस का जुनीतून?”

त्याला बारक्या म्हणणारी आता जगात ती एकटीच. त्याचे ओठ हलले. घरून आलो म्हणावं, तर काखेतली तिपाई खाली होती आणि तो तिच्यावर बसला होता. आत दाजींना बघायलाही तो गेला नव्हता.

“मामा, ती बाटली ठेवा,” भाची म्हणाली. चोराला सांगावं तसं नाही. पोराच्या हातून काच काढून घ्यावी तसं. ते जास्त लागलं.

“आणि ते लाकूड माझ्या घरातून बाहेर काढ,” ताई म्हणाली.

त्यानं तिपाई मिटली. घाईत बोट सापडलं, नख काळं पडलं. कोणी बघितलं नाही, आणि त्याला ओरडायचा हक्क नव्हता. बाहेर पुरुषमंडळी उभी होती. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. कोणीतरी हळू म्हणालं, “खात्री करायला आलाय, खरंच गेलेत का.” कोणाच्या तरी नाकातून हसू निसटलं. दाजींना नेलं तेव्हा हा सगळ्यात मागं चालला, तिपाई गिरणीच्या दाराशी ठेवून. परत येताना तिच्यावर कोणीतरी चपला ठेवलेल्या होत्या.

घरी बायको काही बोलली नाही, आणि तिनं न बोलणं म्हणजे घराचं छप्पर उडण्यासारखं. दोन दिवसांनी भाचीचा फोन आला, तोही मामीला. बायकोनं निरोप सांगितला, तोंड दुसरीकडं करून. “ताई म्हणतात, त्यांना जुनीचं काही नको. विम्याचा कागद त्या गिरणीच्या जात्यात घालणार आहेत. मामाचा तपास झाला असेल तर प्रकरण बंद करा म्हणाल्या.”

“मी तपास नाही गं केला.”

“मग काय केलंत?”

दाजींच्या मागं गिरणी चालवायची होती ती भाचीनं. पट्टा जुना, मोटार त्याहून जुनी. विम्याचा आधार होता तो ह्यानंच दाजींच्या गळी उतरवला होता, आणि ह्याच्यामुळंच तो आता जात्यात जाणार होता. पण खरं सांगायचं तर त्याला रात्रंदिवस खुपत होती ती गिरणी नव्हे. त्या घरात पुन्हा जायचं तर तोंड कुठलं घेऊन जायचं, हे खुपत होतं.

शेवटी तो साहेबांकडं गेला. साहेब मुलाच्या वयाचा, बोलायला गोड. बैठक्या उभ्या उभ्याच म्हणाला, “साहेब, एक विनंती. माझ्या बहिणीच्या घरचं प्रकरण माझ्याकडं नको. मी काही बघितलेलं नाही. मी लिहून देणार नाही. माझ्या कागदाशिवाय मंजूर होत असेल तर करा, नोकरी गेली तरी चालेल.”

एवढं तो आयुष्यात साहेबांपुढं कधी बोलला नव्हता.

साहेबानं कॉम्प्युटरकडं बघितलं. “काका, बसा आधी. त्यांचा अर्जच आलेला नाही अजून. अर्ज आला, डॉक्टरचा दाखला जोडला, की आपोआप पुढं जातं.”

“माझ्या कागदाशिवाय?”

“तुमच्या कागदाचं काय? ते तर वेगळं असतं.”

“वेगळं म्हणजे?”

साहेब थोडा अडखळला. “म्हणजे… येतात ना तुमचे कागद. व्यवस्थित जपून ठेवतो आम्ही. खाली कपाट आहे. कंपनीची परंपरा आहे ती.”

“पण वाचतं कोण?”

“पुस्तकवाली वाचतेय की आता! फार कौतुक करत होती. म्हणाली, कादंबरीसारखं लिहितात काका.”

बैठक्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. “कधीपासून हे असं?”

“माझ्या आधीपासून. बरीच वर्षं झाली असतील. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

बुरुडाच्या घरचा कागद वाचला गेला होता, का तोही तसाच कपाटात पडून होता? विचारलं असतं तर कळलं असतं. साहेबानं दोन मिनिटांत बघून सांगितलं असतं. बैठक्यानं विचारलं नाही. वाचला असेल तर आपण त्या बाईचं घर बुडवलं. वाचला नसेल तर घराघरात जाऊन, माणसांच्या उशा मोजून, रडणाऱ्या बायांच्या तोंडून खोकले काढून घेतले ते कोणासाठी? दोन्हीत बरं काही निघेना. त्यानं काखेतली तिपाई साहेबाच्या टेबलावर ठेवली.

“अरे वा,” साहेब म्हणाला, “आज मागणारच होतो. काचेची पेटी तयार आहे. समारंभापुरती बाहेर काढू, तुम्ही वर बसायचं, फोटो झाला की परत आत.”

“तिलाच बसवा,” बैठक्या म्हणाला.

समारंभाच्या दिवशी सगळं ऑफिस नवे कपडे घालून हॉलमध्ये जमलं. पाहुण्यांनी फीत कापली. पुस्तकवाली बैठक्याला शोधत जिन्यावरून खाली-वर करत होती. बैठक्या तेव्हा ताईच्या दारात उभा होता.

गिरणी चालू होती. भाची पट्ट्यापाशी होती, केसांत पीठ, भुवया पांढऱ्या. तिनं मामाला बघितलं आणि हात न थांबवता मानेनं आत जा म्हणून दाखवलं. ताई बाहेरच्या खोलीत दाजींचं सामान काढून बसली होती. कपडे एकीकडं, चष्मे एकीकडं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

तो दारात घोटाळला. कुठं बसायचं हेच कळेना. एवढी वर्षं घराघरात बसलेला माणूस, पण कोपरा तयार असायचा आणि खाली तिपाई असायची. शेवटी तो होता तिथंच, उंबऱ्याच्या आत, फरशीवर टेकला. गुडघे कडाडले.

“तिपाई कुठाय?” ताईनं मान वर न करता विचारलं.

“काचेत.”

“म्हणजे?”

“काचेच्या पेटीत ठेवलीय. लोकांना बघायला.”

“बरं झालं. आता तिच्याकडं लोक बघतील.” ताईनं एक शर्ट झटकला. खोलीत पीठ उडालं. “पोरीनं कागद दिले परवा. जुनीच्या खिडकीवर जाऊन, स्वतः. तुझ्यासाठी नाही हां. ते एवढी वर्षं हप्ते भरत होते, म्हणून.”

“बरं केलं.”

“पाणी देऊ? घोटभर?”

हा टोला होता, आणि तो त्यानं खाल्ला. “चहा असला तर दे.”

“साखर संपलीय.”

“चालेल.”

ताई उठली. दोघांना बिनसाखरेचा चहा आला, कडू. माणूस गेलेल्या घरी घेतलेला त्याचा पहिला चहा. त्यानं तो खालपर्यंत संपवला. ताई तेवढ्यात फळीवरच्या बाटल्या, गोळ्यांची पाकिटं, मलमाच्या पिळून झालेल्या नळ्या एका पिशवीत टाकत होती. पिशवीला गाठ न मारता तिनं ती त्याच्यापुढं धरली.

“कोपऱ्यावर टाकून ये. आणि वाचू नकोस.”

पिशवी हातभर लांब धरून, मान वर करून तो रस्त्यानं चालला. एका सायकलवाल्याला धडकला, शिव्या खाल्ल्या. वरच्या तारा बघितल्या, कावळे बघितले. पण पिशवी कचऱ्याच्या डब्यात सोडताना डोळे खाली गेलेच. तीच तपकिरी बाटली, वर आलेली. नजर फिरली तोवर वाचून झालं होतं.

परत आला तर ताई दारातच होती. “वाचलंस?”

नाही म्हणता आलं असतं. कोण बघायला आलं होतं? “एक वाचली,” तो म्हणाला. “खोकल्याची. त्या दिवशीचीच.”

“काय वाचलंस?”

“मागच्या थंडीतली आहे.”

“आणि?”

“चौकातल्या दुकानातली.”

“आणि?”

“बस्स, एवढंच.”

“दुकानदार वर नावाची चिठ्ठी लावतो. ती नाही वाचलीस? त्या दिवशी पण हातात घेऊन उजेडाकडं धरली होतीस.”

नाव त्यानं कधीच वाचलं नव्हतं. नावाची कधी गरज पडत नसे. ज्या घरी जायचं त्या घरी मेलेलं माणूस एकच असायचं.

“माझी होती ती,” ताई म्हणाली. “थंडीभर मीच खोकत होते. उशा पण माझ्याच. हे चालती गिरणी टाकून औषध आणायला गेले होते. तुला फोन केला होता मी तेव्हा. बोलता येईना धड. तर तू म्हणालास, ‘ताई, तुझा फोन खराब झालाय, आवाज खरखरतोय, नवीन घे.’”

तसं तो म्हणाला होता. आता लख्ख आठवलं. मान आपोआप खाली गेली आणि फरशीवर पिठात उमटलेली आपलीच पावलं दिसली, दारापर्यंत गेलेली आणि परत आलेली.

त्याला विचारायचं होतं. भावानं विचारावं ते, साधं. तोंड उघडलं तर जिभेवर आलं, ‘खोकला कधीपासून…’ आणि ते शब्द तिथंच अडकले. ह्या प्रश्नाखेरीज दुसरा कुठला प्रश्न असतो बहिणीला विचारायला, आणि हा तर त्यानं गावभर वापरून संपवला होता. कितीही मायेनं विचारला तरी आवाज जुनीचाच येणार. ताई वाट बघत उभी होती. त्यानं तोंड मिटलं.

खाली वाकून त्यानं चहाचे दोन्ही पेले उचलले आणि आत मोरीकडं गेला. नळ सोडला. इकडंतिकडं बघितलं नाही. डोळे पेल्यातच ठेवले. त्यामुळं साबण काही दिसेना.

“खिडकीत आहे,” ताई बाहेरून म्हणाली.